हातचा

लॉबीतली शेवटची पाकळी पडली
तेव्हा कुणी पाहिलं नाही.
सोमवारी ट्रक आला, नवी कुंडी उतरली,
जांभळ्या कळ्या, अंगात प्लास्टिकचं झबलं,
आणि जुनी गेली मागच्या दाराशी,
ओल्या टॉवेलांच्या ढिगाला टेकून
कचऱ्याची वाट बघत.

तेओदोरा ती उचलते.
एकवीस वर्षं उचलते आहे.
हिलोतल्या या हॉटेलात तिच्या ढकलगाडीवर
साबणाच्या वड्या, उशांचे अभ्रे,
आणि खालच्या कप्प्यात, मळक्या चादरीआड,
कुणाचं तरी नकोसं झालेलं डेंड्रोबियम.

मी नवी होते. म्हणाले, हे गेलंच की.
"फुलं गेलीत," ती म्हणाली,
आणि एकशे बाराचं बाथरूम घासायला लागली.

रविवारी तिच्या घरी.
पत्र्याखाली ओळीने साठएक कुंड्या,
एकीतही फूल नाही.
ज्वालामुखीची काळी खडी बादलीत भिजत घातलेली.
ब्लेड मेणबत्तीवर धरलं तिनं, निवू दिलं,
मग माझ्या हातात.
वाळका देठ तेवढा काप, इथून.
त्याखालच्या कांड्यांना हात लावायचा नाही.

एक कांडी अगदी बोडकी होती.
पान नाही, सालीला सुरकुत्या,
पिवळट, आजारी माणसाच्या नखासारखी.
मी ब्लेड तिथं नेलं
तसं तिनं माझं मनगट धरलं.

"माझ्या बापानं हामाकुआच्या मळ्यात
तीस वर्षं ऊस तोडला.
तोडायचं कुठं, ते त्याला ठाऊक.
कुठं तोडायचं नाही, ते मी शिकले."

त्या बोडक्या कांडीत म्हणे पाणी असतं,
गेल्या उन्हाळ्याचं ऊन असतं,
नवा कोंब येईल तो तिच्याच जिवावर.
बेरीज मांडताना आपण हातचा धरतो ना,
कागदावर दिसत नाही,
पण विसरलात तर सगळं गणित चुकतं,
तसं काहीतरी ती सांगत होती
इलोकानो मिसळलेल्या इंग्रजीत, हातवाऱ्यांनी.

आता पाणी कमी. उजेड भरपूर.
खत बंद.
कुंडी अंगाबरोबरच हवी, मोठी नको,
सैल घरात ही मुळं कुजतात.
आणि वरच्या पेरातून कधी
चिमुकलं रोप फुटलं, आपली मुळं हवेत सोडून,
तर त्याला इथं केइकी म्हणतात. लेकरू.
मुळं बोटभर होईतो
आईपासून तोडायचं नाही.
"आणि मग?"
मग तोडायचं, म्हणाली. न रडता.
तिची दोघं लास व्हेगासला असतात.

मार्चमध्ये तिला निवृत्त केलं.
मॅनेजर ओकुहारांनी भाषण केलं, केक कापला,
आणि भेट म्हणून दिलं
ऐन बहरातलं डेंड्रोबियम,
चंदेरी कागदात, रिबिनीसकट.
तिनं ते पाहुण्याचं मूल धरावं तसं धरलं
जरा अंग चोरून,
आणि पार्किंगमध्ये माझ्याकडे दिलं.
"तू ठेव. फुलं पडली की आण माझ्याकडे."

फुलं पडली. नेलं नाही मी.
देठ कापला, ब्लेड ज्योतीवर धरून.
खडी भिजवली, पाणी तोडलं,
खिडकीत ठेवलं. हिलोचा पाऊस
काचेपलीकडे चार महिने कोसळत राहिला
आणि मी अलीकडे, पेला भरलेला,
हात आखडून.
एकेक पान पिवळं पडून गळालं.
घरमालकीण म्हणाली, टाक आता ते.

आज सकाळी
त्या बोडक्या कांडीच्या वरून दुसऱ्या पेराशी
मोहरीएवढं हिरवं काही.

कळी आहे की लेकरू, अजून कळत नाही.
तेओदोराला फोन लावला.
तिनं एवढंच विचारलं,
पाणी नाही ना घातलंस?